सगळं वाचलं, घरात चालेल

१८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

नाताळाआधीचा आगमनकाळ सहा आठवड्यांवर आला आणि यंदाच्या पुस्तकाबद्दल तुझ्याकडून अवाक्षर नाही. आप्पा गेल्यापासून दरवर्षी सप्टेंबर संपायच्या आत तुझं फर्मान येतं. अमुक पुस्तक घ्या, तमुक पान वगळा, प्रस्तावनेकडे लक्ष देऊ नका. यंदा दरबार बरखास्त झाला की काय?

धाकटीने शाळेत 'आमच्या घरची एक पद्धत' या विषयावर निबंध लिहिला. तुझ्या माहितीसाठी उतरवून देतो, म्हणजे तुला तुझी कर्तव्यं आठवतील.

"डिसेंबरात आमच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता मननाचं एक पान वाचतात. त्याच वेळी आत्याच्या घरीही तेच पान वाचतात. आत्याचं घर लांब आहे. पुस्तक आत्या निवडते, कारण ती मोठी आहे. ती ते आधी सगळं वाचते आणि पहिल्या पानावर 'सगळं वाचलं, घरात चालेल' असं लिहून सही करते. हा नियम आजोबांनी केला, कारण एका वर्षी न वाचता आणलेल्या पुस्तकात चर्चच्या पाळकसाहेबांच्या देखत नको ते निघालं."

बाईंनी खाली लाल शाईत विचारलंय, "नको ते म्हणजे काय?" मी उत्तर दिलेलं नाही.

सोबत तीन पुस्तकं पाठवतोय. एक निवड, सही कर, परत पाठव. दाजींना सलाम. मोठ्याने सांग, नाहीतर त्यांना ऐकू जायचा नाही.

तुझा धाकटा

---

२५ ऑक्टोबर

प्रिय डॉक्टर,

(चष्मे विकणाऱ्याला डॉक्टर म्हणायला माझं काही जात नाही आणि तुला चार दिवस बरं वाटतं.)

तुझी तीन रत्नं मिळाली.

पहिलं कुणा प्राध्यापकांनी लिहिलेलं आहे. पहिल्या वाक्यात तीन कर्ते येऊन बसलेत आणि क्रियापद दुसऱ्या पानावर. तोवर मेणबत्ती विझते. दुसऱ्यात चोवीस दिवस आणि लेखकमहाशयांचे एकोणतीस फोटो. प्रभूचा जन्म बहुधा पुरवणीत असावा. तिसरं बरं असेलही, पण मलईच्या रंगाच्या कागदावर राखाडी अक्षरं. हे छापलंय की कागदावर नुसता श्वास सोडलाय? अशी प्रुफं आमच्या छापखान्यात आली असती तर मी ती मशीनवाल्याच्या डोक्यावर आपटली असती.

तिन्ही नापास. नापास पुस्तकावर मी सही करत नाही. आप्पांनी मला वाचायला बसवलं होतं, शिक्का मारायला नाही.

तुझे दाजी बरे आहेत. त्यांना तुझा सलाम दोनदा ओरडून सांगितला. शेजारच्या बाईंनी उलट सलाम पाठवलाय.

ताई

---

१ नोव्हेंबर

प्रिय मुख्य तपासनीस,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. चार पानं. त्यात मजकूर मात्र पोस्टकार्डावर मावेल एवढा, कारण एका पानावर तू नऊ ओळी लिहिल्यास. छापखान्यात कागद फार झाला की राग फार आला? थोरली म्हणाली, "आत्या आता फलक रंगवते का?"

थोरलीवरून आठवलं. सोळाव्या वर्षी माणसाला जे होतं ते तिला झालंय. देव आहे की नाही याचा निकाल ती परीक्षेनंतर लावणार आहे. तरी डिसेंबरात साताला येऊन बसते, कारण पानांवर तू पेन्सिलीने मारलेले शेरे तिला वाचायचे असतात. गेल्या वर्षी एका परिच्छेदापुढे तू लिहिलं होतंस, "हे लेखकाला स्वतःला पटलेलं दिसत नाही." ती पोरगी आठवडाभर तेवढंच बोलत होती. तेव्हा तुझी सही म्हणजे काय हे तुझं तू बघ. यंदा पुस्तक नसेल तर ती सुटली, आणि एकदा सुटली की पुन्हा बसेल असं मला वाटत नाही.

आणखी दोन पाठवतोय. एक लहान मुलांचं आहे. दुसरं खिशात मावणारं आहे आणि लोक त्याची फार स्तुती करतात.

तुझा धाकटा

---

९ नोव्हेंबर

प्रिय डॉक्टर,

मुलांच्या पुस्तकात रोज एक मेंढरू रंगवायचं आहे. तुझ्या दाजींनी एक रंगवलं. बरं जमलं. बाकी त्यात काही नाही.

खिशातलं पुस्तक खिशातच शोभतं. मुंगीच्या पायाला शाई लावून तिला कागदावर सोडलंय. याची स्तुती करणाऱ्यांनी ते उघडलेलं नसणार.

एक स्पष्टच लिहिते. पुस्तक सापडत नसेल तर यंदा राहू दे. एक वर्ष वाचलं नाही म्हणून नाताळ रद्द होत नाही. तुम्ही तुमच्या घरी काय वाचायचं ते वाचा. वाचन म्हणजे सगळं काही नव्हे. थोरलीला सांग, आत्याचे शेरे संपले.

ताई

---

१५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

'वाचन म्हणजे सगळं काही नव्हे.' हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. तिने कणीक तशीच टाकली, हात पुसले आणि स्वतः वाचून खात्री केली. ज्या बाईने लग्नात स्वतःच्याच निमंत्रणपत्रिका चुका दुरुस्त करून पाहुण्यांना वाटल्या, ती हे लिहिते?

तर सरळ विचारतो. तुझं देवाशी काही बिनसलंय का? बिनसलं असेल तर तसं सांग. पाच पुस्तकं नाकारायची काही गरज नाही. आप्पा असते तर रागावले नसते. त्यांचंही वर्षातून दोनदा बिनसायचं.

तुला शरमायला लावायला मी स्वतःच एक शोधलंय. रविवारी उपासनेनंतर पाळकांनी घराघराला एक पुस्तिका वाटली. चोवीस दिवस, चोवीस पानं, ठसठशीत अक्षर, भाषा साधी. सातव्या दिवशी एक छान मनन आहे. उशिरा येणाऱ्या माणसासाठी रोज ताट झाकून ठेवणाऱ्या बाईबद्दल. ते वाचून मला आई आठवली. आठव्या दिवसाचंही मनन छान आहे. तेही उशिरा येणाऱ्या माणसासाठी ताट झाकून ठेवणाऱ्या बाईबद्दलच आहे. शब्दन् शब्द तेच. वर मोठ्या अक्षरात आठ, आणि खाली सातचाच मजकूर. आठचं मनन कुठे गेलं ते प्रभूला ठाऊक.

या पुस्तिकेची प्रुफं कोणत्या गाढवाने तपासली असतील? चोवीस पानं, ताई. मी तर चष्म्याच्या डबीवरचं गॅरंटीकार्डसुद्धा यापेक्षा लक्ष देऊन वाचतो. असा माणूस तुझ्या हाताखाली असता तर तू त्याला शाईच्या डब्यात उभा केला असतास.

चूक सोडली तर पुस्तिका चांगली आहे. तुमच्या चर्चच्या मंडळीतही वाटली असेलच. बघ.

तुझा धाकटा

---

१९ नोव्हेंबर

मागच्या कव्हरवर अगदी खाली छापखान्याचं नाव आहे. ते वाचायचे कष्ट घेतले असतेस तर पुढचे विनोद वाचले असते.

छापखाना आमचा. शेवटच्या प्रुफावर सही माझी. तुझं गाढव मी.

आणि तुझ्या माहितीसाठी, मी आत्ता पुस्तिका काढून दोन्ही पानं पाहिली. एकावर सात आहे, एकावर आठ आहे. काहीही चूक नाही. डोळे तपासून घे. दुकान तुझंच आहे.

---

२३ नोव्हेंबर

ताई,

मी मुद्दाम मोठ्या अक्षरात, जाड पेनाने लिहितोय. का ते तुला कळलं असेल.

तुझं पत्र दुकानात आलं. आधी मी वरमलो. मग 'डोळे तपासून घे' यावर हसलो. मग पुस्तिका पुन्हा उघडली. पानं समोरासमोरच आहेत. परिच्छेद तिथेच तुटतो, शेवटची ओळ तिथेच अर्धी राहते. धाकटीला दाखवलं तर ती लांबूनच म्हणाली, दोन्ही सारखीच आहेत. जी बाई टेबलाच्या पलीकडून उलट्या कागदावरचा गळलेला स्वल्पविराम दाखवायची, तिला हे दिसलं नाही.

मग मी गिऱ्हाइकांना बाहेर बसवलं आणि जानेवारीपासूनची तुझी पत्रं काउंटरवर ओळीने मांडली. जानेवारीत पानाला बावीस ओळी. एप्रिलात सोळा. ऑक्टोबरात नऊ. परवाच्या पत्रात सहा, आणि त्या सहाही उजवीकडे खाली घसरत गेलेल्या. दोन ठिकाणी शब्दावर शब्द लिहिलाय. राखाडी अक्षरं, मुंगीचे पाय, कागदावर सोडलेला श्वास. तू मला सगळं लिहून कळवत होतीस आणि मी त्यावर कोट्या करत होतो. देवाशी बिनसलंय का, असं विचारलं मी. शहाणाच आहे मी.

दारातून माणूस आत आला की तो मान कशी धरतो यावरून मी त्याचा नंबर सांगतो. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. सख्ख्या बहिणीचं मला कळलं नाही याची लाज वाटते.

सोबत चौकटींचा कागद आहे. हात लांब करून धर. एक डोळा झाक, मधल्या काळ्या ठिपक्याकडे बघ आणि रेषा सरळ दिसतात का ते सांग. मग दुसरा डोळा. खरं सांग. इथे सही करायची नाही.

तुझा धाकटा

---

२५ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुझा कागद मिळाला. छपाई गचाळ आहे. मधल्या रेषा पाण्यात पडल्यासारख्या वाकल्यात, दोन चौकटी पुसल्या गेल्यात, आणि मधला ठिपका छापायला तू साफ विसरलास.

हे मी मोठ्याने म्हणाले. तुझे दाजी कागद घेऊन उजेडात गेले आणि परत येऊन म्हणाले, "ठिपका आहे की. चांगला मटाराएवढा आहे."

हा डावा डोळा. उजव्याने ठिपका दिसतो, रेषा मात्र थोड्या डुलतात.

मार्चपासून आहे. आधी वाटलं चष्मा मळलाय. मग वाटलं दिवा मंद आहे, म्हणून यांच्याकडून तीनदा दिवा बदलून घेतला. मग वाटणं बंद केलं. कडेने पाहिलं की अक्षर दिसतं, बघायला गेलं की नाहीसं होतं. मथळे वाचता येतात. मधला मजकूर मी गेले सहा महिने सवयीने आणि अंदाजाने तपासतेय, आणि लेखक ठरावीकच लिहितात म्हणून निभावलं. हा आमच्या धार्मिक लेखनाचा मला झालेला एकमेव फायदा.

पुस्तिकेची शेवटची प्रुफं आली तेव्हा डोळा फारच त्रास देत होता. वरचे आकडे पाहिले. एक ते चोवीस, क्रम बरोबर. खाली सही केली. मजकूर वाचला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा न वाचता सही केली, आणि ती नेमकी मननाच्या पुस्तकावर. तुझं पत्र आलं तेव्हा मी पानं पाहिली असं लिहिलं. पाहिली म्हणजे उलटली. तेही खोटंच.

छापखान्यात न वाचता सही केली, पण घरच्या पुस्तकावर ती मला करवेना. आप्पांचा नियम आड आला. म्हणून तुझी पाचही पुस्तकं नापास केली. त्यातलं एखादं चांगलं असेलही. फोटोवालं नसणार.

मला भीती वाटते. वाचता आलं नाही तर मी दुसरं काय करते ते मला माहीत नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं, कारण खोडलेलं मलाच दिसत नव्हतं.

उद्या मालकांना सांगणार आहे.

ताई

---

२७ नोव्हेंबर

ताई,

शनिवारी सकाळी पोचतो. दुकानावर 'बंद' ची पाटी लावली आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात सोमवारची पहिली वेळ घेतली आहे, तिथल्या डॉक्टर माझ्या ओळखीच्या आहेत. खऱ्या डॉक्टर. मार्चमध्ये सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, हे मी आत्ता लिहून टाकतो, म्हणजे तिथे आल्यावर बोलणार नाही.

बायको येत नाही, मुलींची शाळा आहे. थोरलीने निरोप दिलाय. आत्याला सांगा, शेरे तोंडी दिले तरी चालतील.

धाकटा

---

१० डिसेंबर

प्रिय धाकट्या,

सप्रेम सलाम.

हे पत्र मी सांगते आहे आणि तुझे दाजी लिहीत आहेत. (मी लिहीत आहे. ती ओरडत आहे.) डोळ्यांच्या बाई म्हणाल्या की महिनाभर डोळ्याला ताण नको. त्यांना वाटतं लिहिण्याने ताण येतो. ताण यांच्या हस्ताक्षराने येतो, पण ते मला आता दिसत नाही, ही देवाची दया.

तू परत गेल्यावर, ठरल्याप्रमाणे, उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. डोळ्यात सुई म्हटल्यावर मी दवाखान्यात जी भाषा वापरली ती आगमनकाळात बसणारी नव्हती. (शेजारच्या खाटेवरची बाई उठून गेली.) काल पुन्हा तपासलं. उजवा बहुतेक राहील. आणखी इंजेक्शनं घ्यावी लागतील, पण राहील. डाव्याचा मधला भाग गेला तो गेला. मी विचारलं, मार्चमध्ये आले असते तर? डॉक्टरबाई कागद चाळत बसल्या. तूही आला होतास तेव्हा त्याबद्दल तोंड उघडलं नाहीस. तेवढ्यावरून मला उत्तर कळलं. त्यासाठी डोळे लागत नाहीत.

मालकांचं सांगायचं राहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं. न वाचता सही केली, बाराशे पुस्तिकांत चूक गेली, आठचं मनन हरवलं, सगळ्या घरांना कळवायला हवं. ते चहा ढवळत म्हणाले, "ताई, कशाला जीव टांगणीला लावता? आठ तारखेपर्यंत वाचत कुणी पोचत नाही. लोक पहिल्या रविवारी वाचतात आणि मग नाताळच्या आदल्या दिवशी पुस्तिका शोधतात."

चूक माफ झाली तरी एवढं वाईट मला आजवर कधी वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं मी ज्यांच्यासाठी स्वल्पविराम मोजले ते वाचतच नव्हते म्हणे.

आमच्या घरी पहिल्या तारखेपासून तीच पुस्तिका सुरू केली. सही नव्हती, तेव्हा बेकायदा. वाचतात हे. यांना ऐकू येत नाही, मला दिसत नाही, देवाला दोन्ही येत असावं असं धरून आम्ही चाललो आहोत. (तिला माझं वाचन आवडत नाही. पूर्णविरामाला थांबत नाही म्हणते. मी बसस्थानकावर बत्तीस वर्षं गाड्यांच्या वेळा पुकारल्या. तिथे पूर्णविराम नसतो.) वरच्या मजल्यावरची दोन्ही कुटुंबंही आता साताला खिडकी उघडून बसतात. त्यांना पुस्तिका घ्यायची गरज उरलेली नाही.

सात तारखेला ताटवाल्या बाईचं मनन झालं. मला ती भाबडी वाटली. येणाऱ्याला काही वेळकाळ आहे की नाही? आठ तारखेला हे पुन्हा उभे राहिले आणि तेच पान पुन्हा वाचलं, त्याच सुरात, गाडी सुटल्यासारखं. मी म्हटलं, माझीच चूक आहे, ऐकलीच पाहिजे. आणि दुसऱ्यांदा ऐकताना ती बाई मला तितकी भाबडी वाटली नाही. ताट झाकून ठेवते, तिला जे करता येतं ते करते, बाकी ज्याचं तो बघेल. तिसऱ्यांदा मात्र ऐकणार नाही.

आता खरी बातमी. काल, नऊ तारखेला, मी सवयीने छापखान्यात गेले. मालक टेबलाशी बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात चिठ्ठ्यांचा ढीग. सकाळपासून फोन चालू होता. आठचं मनन कुठे आहे? आमच्याच पुस्तिकेत गेलं का? एक आजोबा स्वतः पुस्तिका घेऊन आले होते आणि दोन्ही पानांवर बोट ठेवून, त्यांनी पोस्टात नोकरी केली तेव्हा अशी चूक कधी खपवून घेतली नव्हती, असं सांगत होते. मालकांनी चिठ्ठ्या मोजल्या. अकरा घरं.

अकरा घरं, धाकट्या. आठ तारखेपर्यंत वाचत पोचलेली, आणि नुसती पोचलेली नाही, तर लक्ष देऊन वाचणारी. मी त्या आजोबांना म्हणाले, गाढव मी आहे. त्यांनी मला नीट झापलं. इतकं बरं मला मार्चपासून वाटलं नव्हतं. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. मालकांना वाटलं झापल्यामुळे. (मलाही तसंच वाटलं होतं. आत्ता कळलं.)

मालकांनी हरवलेलं मनन लेखिकेकडून मागवलंय. ते वेगळ्या कागदावर छापून रविवारी वाटतील. त्याची प्रुफं छापखान्यात लागलेली नवी मुलगी मोठ्याने वाचणार आणि मी ऐकणार. चूक कानालाही टोचते. एकतीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

थोरलीसाठी शेरे, तारीखवार. तीन तारीख: लेखिकेला झोप आली होती. पाच: चांगलं, पण एका वाक्यात संपलं असतं. सात: वर दिलंय. आठ: तेच, पण अधिक चांगलं. नऊ: हे लेखिकेला स्वतःला पटलेलं दिसतं. तिला सांग, एखाद्या दिवशी ती वाचायला उभी राहिली तर मी फोन कानाला लावून बसेन. पूर्णविरामाला थांबायचं.

यांनी पुढची पानंही दुपारी वाचून दाखवली, चोवीसपर्यंत, सलग, पाणीही न पिता. आप्पांच्या नियमाला दहा दिवस उशीर झाला. त्यांच्याशी मी बोलून घेईन. (त्यांच्याशी भेट व्हायला अजून वेळ आहे.)

सोबत एक चिठ्ठी आहे. तेवढी मी स्वतः लिहिली आहे, जाड पेनाने, अंदाजाने. ओळ घसरली असेल तर तशीच राहू दे. तुझ्याकडच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर चिकटव. नेहमीच्या जागी.

ताई

(चिठ्ठी)

सगळं ऐकलं.
चूक आहे. माझी आहे.
घरात चालेल.